बारा ब्रशांच्या संचातले आपले ब्रश कोणते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यातील एका गावात शिक्षिका आहे. आखाजीला माहेरी गेले तेव्हा धाकट्या बहिणीकडे मेकअपच्या बारा ब्रशांचा एक संच पाहिला आणि परत आल्यावर मीही तसाच ऑनलाइन मागवला. तो मला ८४० रुपयांना पडला. सकाळी शाळेला निघण्यापूर्वी माझ्या हातात जेमतेम दहा मिनिटे असतात. तेवढ्यात मी कॉम्पॅक्ट, थोडासा ब्लश आणि भुवयांना हलका रंग एवढेच करते. लग्नकार्य असेल तरच आयशॅडो लावते. पहिल्याच दिवशी मोठ्या ब्रशचे दोन केस गालावर राहिले, शिवाय डबा उघडला की रंगासारखा उग्र वास येतो. शेजारच्या वहिनी म्हणतात की स्वस्तातले ब्रश चेहऱ्याला लावूच नयेत, तर बहीण म्हणते की सुरुवातीला सगळ्यांचेच केस गळतात. संच परत करण्याची मुदत अजून चार दिवस आहे. तो रोजच्या वापराला योग्य आहे की नाही, हे मी कसे ठरवावे?

उत्तर : तुमच्या हाती चारच दिवस आहेत, म्हणून आधी क्रमाविषयी सांगते. ब्रशची खरी पारख तो एकदा धुऊन वाळल्यावर होते. परंतु धुतलेला ब्रश विक्रेते बहुधा परत घेत नाहीत. त्यामुळे कोरड्या ब्रशवर जेवढे तपासता येते तेवढे सगळे आज-उद्याच तपासून घ्या आणि त्यात संच टिकला, तरच त्याला पाणी लावा.

तपासणीलाही बसण्यापूर्वी एक पांढरा पंचा पसरून त्यावर बाराही ब्रश ओळीने मांडा आणि तुम्ही पत्रात सांगितलेल्या चार कामांना लागणारे चार ब्रश बाजूला काढा. कॉम्पॅक्टसाठी मोठा गोल, ब्लशसाठी त्याहून लहान आणि शक्यतो तिरक्या कापाचा, भुवयांसाठी पातळ, चपटा व तिरका, आणि आयशॅडो मिसळण्यासाठी मऊ टोकाचा छोटा ब्रश, असे ते चार होत. भुवया विंचरण्याचा वेटोळ्या केसांचा ब्रश संचात असेल तर तोही ठेवा, कारण तो खरोखर रोज उपयोगी पडतो. उरलेल्यांत पंख्याच्या आकाराचा एक, ओठांचा एक आणि एकमेकांपासून वेगळे ओळखू न येणारे डोळ्यांचे तीन-चार ब्रश असतील. ते वाईट असतात असे मी म्हणत नाही, पण सकाळच्या दहा मिनिटांत त्यांना हात लागणार नाही. बारा ब्रशांचे ८४० रुपये म्हणजे एका ब्रशला ७० रुपये, हा हिशेब डब्यावरचा झाला. तुम्ही चारच वापरणार असाल, तर प्रत्येक ब्रश तुम्हाला २१० रुपयांना पडला. दुकानात उभे राहून २१० रुपयांचा सुटा ब्रश घेताना तुम्ही जितक्या चोखंदळपणे तो हातात फिरवून पाहिला असता, तितक्याच चोखंदळपणे आता या चौघांकडे पाहा.

पहिली गोष्ट केसांच्या टोकांची. मोठा ब्रश खिडकीच्या उजेडात आडवा धरा आणि त्याची कड न्याहाळा. चांगल्या ब्रशमध्ये प्रत्येक केस टोकाकडे निमुळता होत गेलेला असतो, त्यामुळे कडेचा भाग धुक्यासारखा विरळ दिसतो. हलक्या ब्रशला मात्र गोल आकार यावा म्हणून वरून कात्री चालवलेली असते. त्याची कड सरळ आणि दाट दिसते आणि तुटक, बोथट टोके गालाला टोचतात. जपानच्या हिरोशिमा प्रांतातले कुमानो हे गाव लेखनाच्या कुंचल्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि मेकअपचे नावाजलेले ब्रशही तिथे बनतात. तिथले कारागीर नैसर्गिक केसांची टोके कापत नाहीत, तर केस रचतानाच त्यांना आकार देतात. ८४० रुपयांच्या संचाकडून ती अपेक्षा ठेवता येणार नाही, हे खरे. पण टोक निमुळते असावे, हा निकष कृत्रिम तंतूंच्या स्वस्त ब्रशलाही लागू होतो आणि आजकाल पुष्कळ स्वस्त ब्रश त्यात उत्तीर्ण होतात. म्हणूनच तुमच्या वहिनींचे म्हणणे मला सरसकट मान्य नाही. डोळ्यांना दिसले ते कातडीवर पडताळण्यासाठी ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूवर एकाच जागी दहा वेळा गोल फिरवा. कातडी लाल झाली किंवा खाजली, तर तो ब्रश रोज चेहऱ्यावर फिरवण्याच्या लायकीचा नाही, मग त्याची किंमत काहीही असो.

आता गळणाऱ्या केसांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण याच बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. बहिणीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ब्रश बांधताना काही केस नीट चिकटत नाहीत, ते पहिल्या एक-दोन वापरांत निघून जातात आणि तो दोष मानू नये. पण गळलेला केस फेकून देण्याआधी तो पांढऱ्या कागदावर ठेवून पाहायला हवा. केस अखंड, ब्रशच्या पूर्ण लांबीचा असेल आणि त्याच्या बुडाशी गोंदाचा कण दिसत असेल, तर मुळाशी पकड ढिली आहे असे समजावे. तो अर्धवट लांबीचा तुकडा असेल, तर केस मधूनच तुटत आहेत, म्हणजे तंतूच ठिसूळ आहेत. पहिला दोष कधी कधी थोडक्यात आटोपतो, दुसरा मात्र दिवसेंदिवस वाढत जातो. आज कागदावर धरून मोठ्या ब्रशच्या केसांतून बोटे वीस वेळा फिरवा आणि पडलेले केस मोजून ठेवा. उद्या तेच पुन्हा करा. आज पाच आणि उद्या एक, असे असेल तर काळजी नको. आजही पाच आणि उद्याही पाच, असे असेल तर संच परत पाठवा.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत भुसावळला एका नवरीला तयार करताना मी आदल्याच दिवशी विकत घेतलेला ब्रश न तपासता वापरला. फाउंडेशन ओले असताना त्याचे बारीक काळे तुकडे तिच्या हनुवटीवर चिकटत गेले. चिमट्याने एकेक उचलताना खालचा थर निघत होता आणि तो भरायला गेले की नवे तुकडे पडत होते. बाहेर घोडा दाराशी आलेला होता. शेवटी सगळे पुसून मी बोटांनी फाउंडेशन लावले आणि ते चांगले बसलेही. पण त्या मुलीच्या डोळ्यांत त्या पंधरा मिनिटांत जी घालमेल मी पाहिली, ती माझ्या निष्काळजीपणामुळे होती. तेव्हापासून नवा ब्रश कागदावर झटकल्याशिवाय मी कोणाच्याही चेहऱ्याजवळ नेत नाही.

दांडी आणि केस यांना जोडणारी पत्र्याची नळी हे ब्रशचे मर्मस्थान आहे. एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने नळी धरून हलकेच उलट दिशांनी पिळा. नळी तसूभरही फिरता कामा नये. नळीवर आडव्या दाबलेल्या एक-दोन रेघा दिसत असतील, तर ती केवळ गोंदाने चिकटवलेली नसून दांडीवर घट्ट दाबून बसवलेली आहे. अशी जोडणी जास्त टिकते. आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे, कारण उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की दुपारी उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीच्या डिकीत पर्स भट्टीसारखी तापते आणि हलका गोंद सैल पडतो. ब्रश डिकीत ठेवण्याची सवय असेल, तर ती आजच मोडा.

उग्र वास बहुधा गोंदाचा, दांडीच्या रंगाचा आणि बंद डब्याचा असतो. ब्रश एक दिवस सावलीत, वाऱ्यावर उघडे ठेवा. वास निम्म्याहून कमी झाला, तर उरलेला धुतल्यावर जाईल. तो तसाच राहिला, तर निदान डोळ्यांचे ब्रश तरी वापरू नका. याच वेळी पांढऱ्या रुमालाचे टोक ओले करून केसांवरून फिरवा. रुमालाला काळा किंवा तपकिरी डाग लागला, तर केसांचा रंग कच्चा आहे आणि तो घामाबरोबर चेहऱ्यावर उतरणार हे उघड आहे.

कोरड्या तपासणीत चौघे टिकले, की मग धुण्याकडे वळा. येथे आपल्या भागातली एक अडचण लक्षात घ्यावी लागते. खान्देशात पुष्कळ घरांत बोअरचे क्षारयुक्त पाणी येते आणि अशा पाण्यात अंगाच्या साबणाचा फेस होत नाही. क्षार आणि साबण मिळून एक चिकट, पांढुरका साका तयार होतो आणि तो केसांत अडकून बसतो. मग ब्रश वाळल्यावर कडक होतो आणि दोष ब्रशला दिला जातो. म्हणून साबणाऐवजी सौम्य शाम्पू घ्यावा, कारण शाम्पूचा असा साका होत नाही, आणि शेवटची विसळणी पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने करावी. स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात शाम्पूचे दोन थेंब टाका, ब्रश टोकाकडून फक्त केस बुडतील इतकाच उतरवा आणि तळहातावर हलकेच गोल फिरवा. कॉम्पॅक्ट लावलेला ब्रश पहिल्यांदा धुताना वाटीतले पाणी बघता बघता दुधाच्या चहासारखे होते. ते स्वच्छ राहीपर्यंत पाणी बदलत राहा. नळीच्या आत पाणी जाऊ देऊ नका, कारण तेथे गोंद आहे आणि लाकडी दांडी पाण्याने फुगली की तिच्या रंगाला तडे जातात. नंतर केस पंच्यात दाबून पाणी टिपा, बोटांनी मूळ आकार द्या आणि केस टेबलाच्या कडेबाहेर राहतील अशा बेताने ब्रश आडवा ठेवा. ओला ब्रश पेल्यात उभा केला, तर पाणी उतरून नळीत साठते. उन्हातही ठेवू नका. वैशाखात पंख्याखाली काही तासांत वाळेल, श्रावणात मात्र पुरता एक दिवस द्यावा लागेल.

वाळलेला ब्रश हातात घेतला की निकाल कळतो. चांगला ब्रश पूर्वीच्या आकारात परत येतो आणि पहिल्यापेक्षा थोडा मऊच लागतो. निकृष्ट ब्रशचे केस झाडूसारखे बाहेर फाकतात, काही मुरगळलेले राहतात आणि नळीशी पोकळी दिसू लागते. पाण्याने हा दोष निर्माण केलेला नसतो; कारखान्यात केसांवर लावलेली खळ धुऊन गेल्यामुळे आत जे होते ते उघडे पडते, एवढेच. वहिनींनी स्वस्त ब्रशविषयी जे मत बनवले आहे, ते बहुधा अशाच एखाद्या अनुभवावरून असावे आणि तेवढ्यापुरते ते रास्त आहे.

यानंतर एका सुट्टीच्या दिवशी अर्ध्या चेहऱ्याला तुमच्या नेहमीच्या पफने आणि अर्ध्याला नव्या ब्रशने कॉम्पॅक्ट लावा आणि आरसा घेऊन दारात, दिवसाच्या उजेडात उभ्या राहा. पफ कॉम्पॅक्ट दाबून बसवतो, त्यामुळे थर जाड होतो आणि घाम आला की नाकाच्या बाजूला त्याच्या रेघा पडतात. मोकळ्या केसांचा ब्रश तोच कॉम्पॅक्ट पातळ पसरवतो. तुमच्यासारख्या दुपारपर्यंत वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या बाईला ब्रशचा खरा फायदा येथे मिळतो आणि तो मिळाला, तर संच सार्थकी लागला असे मी मानेन. फक्त ब्रश कॉम्पॅक्टवर घासू नका, एकदा टेकवून दांडीवर टिचकी मारा आणि मगच गालाला लावा. डोळ्यांचा ब्रश पापणीपेक्षा रुंद असेल, तर त्याच्याकडून आयशॅडोची अपेक्षा करू नका. तो नाकाच्या कडेला पावडर लावायला चालवा.

कोरड्या तपासणीत चौघांपैकी तीन ब्रश टिकले, तर संच ठेवायला हरकत नाही. हिशेबाने प्रत्येकी २८० रुपये पडतील आणि चौथा सुटा घेता येईल. दोनच टिकले, तर परत करा आणि त्याच पैशांत तीन चांगले सुटे ब्रश घ्या. मोठा पावडरचा ब्रशच नापास झाला, तर मात्र बाकीचे कितीही चांगले असोत, संच ठेवू नका, कारण चेहऱ्याच्या सर्वांत मोठ्या भागावर रोज फिरणारा ब्रश तोच आहे. खोक्यावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला आहे का, तेही पाहून घ्या. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार हा मजकूर बंधनकारक आहे. विक्रेता मुदतीत असूनही दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. खोके आणि पावती तोपर्यंत जपून ठेवा.

प्रश्न : आमच्या घरी प्राण्यांपासून बनवलेल्या वस्तू वापरत नाहीत. मुलीने घेतलेल्या ब्रशवर काहीच लिहिलेले नाही. त्याचे केस प्राण्याचे आहेत का, हे घरी ओळखता येईल का? — एक जैन गृहिणी, धुळे

उत्तर : ओळखता येते. ब्रशचा गळलेला एक केस चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, निरांजनाच्या ज्योतीजवळ न्या. हे काम मुलीवर न सोपवता स्वतः करा आणि खिडकी उघडी ठेवा. केस प्राण्याचा असेल तर केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो आणि मागे चुरा होणारी काळी राख राहते. कृत्रिम तंतू जळण्याआधी वितळून आखडतो आणि टोकाशी टणक मणी तयार होतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या सर्व तंतूंचे असेच होते. काही ब्रशांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणचे केस तपासावेत.

पुढच्या वेळी खरेदी करताना खोक्यावर ‘सिंथेटिक’ किंवा ‘व्हीगन’ हे शब्द शोधा. ‘गोट’, ‘पोनी’, ‘स्क्विरल’, ‘सेबल’ हे शब्द असतील तर केस अनुक्रमे बकरी, घोडा, खार आणि सेबल नावाच्या मुंगसाएवढ्या किंवा त्याच्या जातकुळीतल्या प्राण्याचे आहेत. ‘कॅमल हेअर’ असे लिहिलेल्या ब्रशमध्ये उंटाचा केस नसतो. खार, बकरी, घोडा अशा इतर प्राण्यांच्या केसांना ते व्यापारी नाव पडले आहे, तेव्हा तोही तुमच्या घरात चालणार नाही. मुंगसाच्या केसांचे ब्रश तर कोणीच घेऊ नयेत, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली मुंगूस संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे.

कृत्रिम ब्रश घेतल्याने कामात काही उणे राहील, अशी शंका मुलीला असेल तर ती दूर करा. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांत पावडर धरली जाते, म्हणून पूर्वी त्यांना पसंती होती. आता कृत्रिम तंतूही नागमोडी करून पावडर धरण्याजोगे बनवले जातात. फाउंडेशनसारख्या पातळ वस्तूंसाठी तर कृत्रिम ब्रशच सरस ठरतो, कारण तो द्रव शोषून घेत नाही, आणि धुतल्यावर लवकर वाळतो.

प्रश्न : आम्ही तिघी बहिणी एकच संच वापरतो. मागच्या आठवड्यात मधलीचे डोळे आले होते. ब्रश धुतले तर चालतील का? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : मधलीने त्या दिवसांत वापरलेले डोळ्यांचे ब्रश, काजळ आणि मस्करा टाकून द्या, ते धुऊन वा पुसून पुन्हा वापरण्याची जोखीम घेऊ नका. गालाचे आणि पावडरचे ब्रश शाम्पूने नीट धुऊन पूर्ण वाळवा. पार्लरमध्ये दोन ग्राहकांच्या मध्ये ब्रशवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारतात, ते तुम्हीही वापरू शकता, मात्र आधी मेकअपचा थर धुऊन निघाला पाहिजे, आणि ते फवारताना जवळ दिवा किंवा गॅस पेटलेला नसावा. येथून पुढे पावडरचा ब्रश तिघींत एक असला तरी तो दर सात ते दहा दिवसांनी धुवा, पण डोळ्यांचा आणि ओठांचा ब्रश प्रत्येकीचा वेगळा ठेवा. दांड्यांना तीन रंगांचे दोरे गुंडाळले, की सकाळच्या घाईत अदलाबदल होणार नाही.